चेखवची ‘कुत्रेवाली बाई’ आणि प्रतिष्ठितांचे नीतिनियम

निषिद्ध प्रेमाची कथा म्हटली की तिची ठरीव मांडणी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. दोन जीव एकमेकांकडे ओढले जातात. कुल, संपत्ती, धर्म किंवा आधीच झालेला विवाह त्यांच्या आड येतो. कोणी वडीलधारा, कोणी पती, कोणी पंच कठोर शब्द उच्चारतो. आणि विष, विहीर नाही तर वनवास यांपैकी एकाने कथेची सांगता होते. अशा कथेत समाज हे एक बोलते पात्रच असते. तो दरडावतो, घराबाहेर काढतो, क्वचित क्षमाही करतो.

आन्तोन चेखव या रशियन लेखकाने १८९९ साली लिहिलेल्या ‘कुत्रेवाली बाई’ या कथेत यांपैकी काहीच घडत नाही. एक विवाहित पुरुष आणि एक विवाहित स्त्री यांचे प्रेम हा तिचा विषय. परंतु त्या प्रेमाविरुद्ध कथेतील एकही माणूस अवाक्षर काढीत नाही. कोणाचे बिंग फुटत नाही, कोणाला शासन होत नाही, कोणी मरत नाही. तरीदेखील या दोघांची कोंडी कोणत्याही शोकांतिकेतल्याइतकी पक्की आहे. मनाई करणारा कोणी दिसत नसता ही मनाई येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता त्या काळच्या रशियातील प्रतिष्ठित वर्गाची सारी घडणच उलगडावी लागते.

कथा प्रथम प्रसिद्ध झाली ती ‘रूस्काया मिस्ल’, म्हणजे ‘रशियन विचार’, या मासिकाच्या डिसेंबर १८९९ च्या अंकात. क्षयाने ग्रासलेला चेखव त्या सुमारास काळ्या समुद्राच्या काठी याल्टा येथे राहत होता, आणि कथेचा आरंभही याल्टातच होतो. कॉन्स्टन्स गार्नेट या विदुषीचे इंग्रजी भाषांतर १९१७ साली ग्रंथरूपाने निघाले, तेव्हापासून इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांना ही कथा सुलभ झाली.

कथानक थोडक्यात असे आहे. मॉस्कोतील एका बँकेत नोकरीस असलेला दमीत्री गूरोव्ह हा चाळिशीला टेकलेला गृहस्थ याल्टास एकटाच हवापालटासाठी आला आहे. मॉस्कोत त्याची स्वतःची दोन घरे आहेत. घरी पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि शाळेत जाणारे दोन मुलगे आहेत. पत्नीशी तो पुष्कळ दिवसांपासून एकनिष्ठ नाही. समुद्रकाठच्या रस्त्यावर एक तरुण स्त्री लहानसे पांढरे कुत्रे घेऊन एकटीच फिरताना दिसते. तिचे नाव कोणास ठाऊक नसल्याने सारे तिला ‘कुत्रेवाली बाई’ म्हणतात. ती आन्ना सर्गेयेव्ना. ओळख होते, सहवास घडतो, आणि थोड्याच दिवसांत दोघेही मर्यादा ओलांडतात. पुढे तिच्या पतीचे, डोळे दुखत असल्याने परत ये, असे पत्र येते. ती निघून जाते आणि प्रकरण संपले असे दोघेही समजतात. मात्र मॉस्कोच्या हिवाळ्यात गूरोव्हच्या लक्षात येते की ही आठवण पुसट होण्याऐवजी दिवसेंदिवस गडदच होत आहे. तो तिच्या गावी जातो, नाटकगृहात तिला गाठतो. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ती मॉस्कोस येते, ‘स्लाव्यान्स्की बझार’ नावाच्या हॉटेलात उतरते, आणि दोघे चोरून भेटतात. यातून सुटका कशी व्हावी याचा विचार करीत दोघे बसले आहेत, एवढ्यावर कथा थांबते.

या दोघांचे समाजातील स्थान काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रशियन भाषेत कथेच्या नावात ‘दामा’ हा शब्द आहे. तो सुखवस्तू व सुसंस्कृत घरच्या स्त्रीलाच लावतात. शेतकऱ्याच्या बायकोला तो कोणी लावणार नाही. म्हणजे नाव ठाऊक होण्याआधीच, टोपी, पोशाख आणि कुत्रे एवढ्यावरून, याल्टातील लोकांनी तिची पायरी ओळखलेली असते. पायरी हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. १७२२ साली पीटर बादशहाने सरकारी नोकरांची चौदा पायऱ्यांची एक श्रेणीमाला ठरवून दिली, आणि ती १९१७ च्या क्रांतीपर्यंत अमलात होती. लष्करी, मुलकी अथवा दरबारी, प्रत्येक अधिकारी तिच्यातील कोणत्या तरी पायरीवर उभा असे. पायरीप्रमाणे गणवेश आणि पायरीप्रमाणेच ‘हुजूर’, ‘सरकार’ अशा तोलाची निरनिराळी संबोधने ठरलेली असत. चेखवच्या काळी मुलकी नोकरीत चौथ्या पायरीपर्यंत चढणाऱ्यास वंशपरंपरागत सरदारकी मिळे. याखेरीज सरदार, धर्माधिकारी, व्यापारी, शहरी सामान्य जन आणि शेतकरी हे कायद्याने नोंदलेले वर्ग होतेच.

गूरोव्ह आणि आन्ना या शिडीच्या मधल्या भागातील आहेत. गमावण्याजोगे त्यांच्याजवळ पुष्कळ आहे. पण नियम झुगारून देण्याइतकी त्यांची पायरी उंच नाही. मॉस्कोत गूरोव्ह नामांकित वकिलांना आणि कलावंतांना घरी जेवावयास बोलावतो, डॉक्टरांच्या क्लबात एका प्राध्यापकाबरोबर पत्ते खेळतो, आणि त्यात त्याला भूषण वाटते. एके काळी तो भाषाशास्त्राचा विद्यार्थी होता, संगीत नाटकात गाण्याचीही त्याने तयारी केली होती; ते सारे सोडून तो बँकेत बसला. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातच घरच्यांनी त्याचे लग्न उरकून टाकले. आपल्या आयुष्यातील कोणतीही मोठी गोष्ट त्याने स्वतः निवडलेली नाही.

आता कायद्याकडे पाहू. त्या काळी रशियात घटस्फोट हा दिवाणी न्यायालयाचा विषय नव्हता. ऑर्थोडॉक्स पंथीयांचे असे खटले धर्मपीठाच्या कचेरीत चालत. व्यभिचार हे घटस्फोटाचे एक कारण मानले जाई, पण तो सिद्ध करण्यास प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार लागत. शिवाय जो पक्ष दोषी ठरे त्याला पुन्हा विवाह करण्यास मनाई होती. ही मनाई १९०४ साली उठली. पत्नीने पतीबरोबर राहावे आणि कुटुंबप्रमुख म्हणून त्याची आज्ञा पाळावी, असे कायदा सांगत असे. वेगळे राहावयाचे तर स्वतंत्र परवाना हवा, आणि तो पतीच्या संमतीवाचून मिळत नसे. ही अट १९१४ पर्यंत टिकली. यातला विरोधाभास असा की विवाहित स्त्रीची मालमत्ता मात्र रशियात अठराव्या शतकापासून तिची स्वतःची मानली जाई. घर तिच्या नावावर असू शके. पण त्या घरात पतीच्या मर्जीविरुद्ध एकटीने राहण्याचा अधिकार तिला नव्हता. सारांश, गूरोव्ह आणि आन्ना यांनी धैर्य करून सर्व काही उघड केले असते, तरी विवाहाचा मार्ग त्यांना मोकळा होता असे नव्हे.

कायद्याने दार लावले होते हे खरे. पण तेवढ्याने कथेचा उलगडा होत नाही. याल्टासारख्या हवेच्या ठिकाणी असली प्रकरणे नित्याची होती. गूरोव्हने तेथल्या सैल वागणुकीच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक खोट्या हेही त्याला ठाऊक आहे, आणि तरीही त्या गोष्टींनीच त्याला उत्तेजन मिळते. प्रतिष्ठित वर्गाने अशा संबंधांना एक मुदत आणि एक जागा ठरवून दिलेली होती. ते प्रवासात व्हावेत, अल्पकाळ टिकावेत, त्यांची वाच्यता होऊ नये, आणि हंगाम संपताच ज्याने त्याने आपल्या घरी परत जावे. हे नियम पाळणारावर हा समाज डोळे वटारीत नसे. गूरोव्ह आजवर ते बिनचूक पाळत आला आहे. स्त्रियांना तो हीन जात म्हणून हिणवतो, आणि त्यांच्यावाचून दोन दिवसही राहू शकत नाही.

आन्नाला मात्र हे नियम ठाऊक नाहीत. प्रथम पतनानंतर ती रडते, स्वतःला पतित म्हणवते, गूरोव्हच आता आपल्याला तुच्छ मानील असे म्हणते. त्या वेळी गूरोव्ह टेबलावरचे कलिंगड कापून सावकाश खात बसतो. अर्धा तास कोणी बोलत नाही. एकाच खोलीत, एकाच कृत्याकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत. पुरुषाच्या दृष्टीने ते हंगामातील एक प्रकरण. स्त्रीच्या दृष्टीने सर्वस्वाचा नाश. समाजाने एकाच गुन्ह्याला दोन मापे लावलेली होती, हे येथे एकाही टीकेच्या शब्दावाचून कळून येते.

या सवलतीला एक अलिखित अट होती : प्रकरण गंभीर होता कामा नये. गूरोव्हकडून नेमका हाच नियम मोडला जातो. मॉस्कोत परतल्यावर आपल्या मनातले कोणाजवळ तरी बोलावे असे त्याला अनावर वाटू लागते. घरी बोलणे शक्य नाही, बँकेत बोलण्यासारखे कोणी नाही. शेवटी एका रात्री क्लबातून बाहेर पडताना, पत्त्याच्या डावातील सोबती असलेल्या एका सरकारी अधिकाऱ्यापाशी, याल्टास एक मोहक स्त्री भेटली होती, एवढे तो बोलून जातो. अधिकारी घसरगाडीत बसतो, गाडी सुटते. तेवढ्यात तो मागे वळून गूरोव्हला हाक मारतो. त्याला सांगावयाचे असते ते इतकेच, की जेवणातल्या मासळीला वास येत होता हे गूरोव्हचे म्हणणे बरोबर होते.

साऱ्या कथेचे मर्म या वाक्यात साठलेले आहे. अधिकाऱ्याने धिक्कार केला असता तर गूरोव्हला निदान उत्तर तरी देता आले असते. हसून पाठीवर थाप मारली असती तर तो रागावू शकला असता. पण त्याचे बोलणे ऐकूच घेतले गेले नाही. क्लबात मासळीबद्दल बोलण्याची सोय आहे, नोकरीतल्या बढतीबद्दल आहे, परस्त्रीबद्दलच्या चावट गोष्टींचीही आहे. आपले कोणावर तरी मनापासून प्रेम आहे हे सांगण्याची सोय तेवढी नाही. तेव्हा मनाई कोणाच्या दरडावणीतून येत नाही; ती बोलण्याच्या रीतीतच मुरलेली आहे.

गूरोव्ह आन्नाच्या गावी जातो तो भाग समाजरचनेच्या दृष्टीने फारच बोलका आहे. चेखवने गावाचे नाव न देता केवळ आद्याक्षर दिले आहे. हॉटेलचा द्वारपाल माहिती देतो की आन्नाच्या पतीचे स्वतःचे घर आहे, घोडे आहेत, तो थाटात राहतो, गावात सारे त्याला ओळखतात. याच पतीबद्दल आन्नाने याल्टास सांगितलेले असते की तो कोठे नोकरी करतो हे आपल्याला नीट माहीतही नाही, सरकारी कचेरीत की लोकल बोर्डात. तो भला माणूस असेल, पण आहे हुजऱ्या. पुढे नाटकगृहात गूरोव्हला तो प्रथमच दिसतो. उंच, किंचित वाकलेला, पावलागणिक मान हलवणारा. जणू अखंड मुजराच करीत आहे. त्याच्या कोटावर कोण्या विद्वत्संस्थेचे पदक चमकत असते, आणि ते हुजऱ्याच्या क्रमांकाच्या बिल्ल्यासारखे दिसते, असे चेखव नमूद करतो.

या उपमेमागे लेखकाचा स्वतःचा इतिहास आहे. चेखवचे आजोबा भूदास होते. १८४१ साली पैसे भरून त्यांनी कुटुंबाची मुक्तता विकत घेतली. वडिलांचे दुकान १८७६ साली बुडाले. मुलगा शिष्यवृत्तीवर, शिकवण्यांवर व विनोदी लेखनावर गुजराण करीत १८८४ साली डॉक्टर झाला. जानेवारी १८८९ मध्ये प्रकाशक सुवोरिन यांस लिहिलेल्या पत्रात, अधिकारापुढे वाकण्यातच वाढलेल्या एका भूदासपुत्राने आपल्यातील गुलाम थेंबाथेंबाने कसा पिळून काढला याची कथा कोणी तरी लिहावी, असे त्याने सुचविले आहे. हुजरेगिरी म्हणजे काय हे त्याला घरचेच शिक्षण होते. म्हणून तो दाखवून देतो की घोडे, घर आणि पदक असलेला माणूसही मनाने हुजऱ्या असू शकतो. वर चढण्याची शिडीच अशी की प्रत्येक पायरीवर कंबर वाकवावी लागते. आन्नाची तक्रार पतीच्या दारिद्र्याबद्दल किंवा क्रौर्याबद्दल नाही. वाकलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहून आपलेही आयुष्य वाकत चालले आहे, ही तिची घुसमट आहे.

नाटकगृहातील बैठकव्यवस्था पाहिली की हाच अर्थ अधिक स्पष्ट होतो. गव्हर्नरच्या कक्षात पुढे त्याची मुलगी बसली आहे, खुद्द गव्हर्नर पडद्याआड असून त्याचे हात तेवढे दिसतात. पलीकडे जिन्यांवरून न्यायखात्याचे, शाळाखात्याचे गणवेश घातलेले, पदके लावलेले लोक ये-जा करीत आहेत. खेळ आहे ‘गेशा’ नावाच्या संगीतिकेचा. सिडनी जोन्स या इंग्रज संगीतकाराची ही रचना १८९६ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आली आणि रशियातही लोकप्रिय झाली. तिच्यात एक इंग्रज नौदल अधिकारी जपानी चहागृहातील नर्तकीवर लुब्ध होतो आणि शेवटी ज्याचे त्याचे लग्न आपापल्या पायरीच्या जोडीदाराशी लागते. रंगमंचावरच्या निषिद्ध आकर्षणाला हे गाव टाळ्या देते. तेच आकर्षण खरे होऊन त्याच इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात उभे असता, वरून पाहणारे दोन शाळकरी मुलगे सोडले तर, कोणाचे लक्षही जात नाही.

येथे दुसऱ्या एका आन्नाची आठवण होणे अपरिहार्य आहे. टॉलस्टॉयच्या ‘आन्ना कारेनिना’ या कादंबरीची नायिकाही पतीला सोडून परपुरुषावर प्रेम करते आणि तीही नाटकगृहात जाते. तेथे शेजारच्या कक्षातील एक स्त्री तिचा उघड अपमान करते आणि सारे पीटर्सबर्ग ते पाहते. ते उमरावांचे जग आहे. तेथे सगळे एकमेकांस ओळखतात, आणि शिक्षा म्हणजे दरवाजे बंद होणे. चेखवच्या आन्नाला कोणी ओळखतही नाही. बंद करण्यासाठी तिच्यापुढे दरवाजा उघडलेलाच नव्हता. टॉलस्टॉयचा समाज पाहतो आणि दंड करतो. चेखवचा समाज पाहतच नाही. पहिल्याशी भांडता येते, त्याच्यापासून परदेशी पळूनही जाता येते. दुसऱ्यापासून पळणार कोठे?

उरतो तो मार्ग दुहेरी आयुष्याचा. गूरोव्ह मुलीला शाळेत पोहोचवायला निघतो, हिवाळ्यात विजा का कडाडत नाहीत हे तिला समजावून सांगतो, आणि तेथूनच आन्नाच्या भेटीस जातो. वाटेत त्याच्या मनात विचार येतो की आपली दोन आयुष्ये आहेत. एक उघड, सर्वांना ठाऊक असलेले, लौकिक सत्याने आणि लौकिक असत्याने भरलेले. बँक, क्लब, समारंभांना पत्नीसह जाणे, हे सारे त्यात मोडते. दुसरे गुप्त, आणि जे जे त्याला मोलाचे वाटते ते ते नेमके दुसऱ्यात आहे. समाजाच्या सर्व नियमांनी मिळून साधले काय, तर माणसातला अस्सल भाग चोराप्रमाणे लपविणे.

ही गुप्तताही वर्गभेदावरच उभी आहे, हे बारकाईने वाचणाऱ्यास दिसून येईल. आन्ना मॉस्कोस आली की लाल टोपी घातलेला एक निरोप्या गूरोव्हकडे चिठ्ठी पोहोचवतो. हॉटेलातील नोकर, गाडीवान, द्वारपाल यांच्या हातूनच हे सर्व पार पडते. गुपित राखावयाचे ते बरोबरीच्या लोकांपासून. ज्यांच्या मताला समाजात किंमत नाही त्यांना ते कळले तरी हरकत नसते. अब्रू ही समान पायरीवरच्या माणसांच्या डोळ्यांत राहते, असा याचा अर्थ.

सुधारक म्हणविणाऱ्यांनाही चेखवने सोडलेले नाही. गूरोव्हची पत्नी स्वतःला विचारवंत समजते. शब्दांच्या शेवटी विनाकारण लिहिले जाणारे एक जुने अक्षर ती पत्रांत गाळते. त्या काळी ते पुरोगामीपणाचे लक्षण होते, आणि १९१७-१८ च्या लिपीसुधारणेत ते अक्षर शब्दान्ती खरोखरच गाळले गेले. पण अक्षर गळाले तरी घरातला अबोला तसाच राहिला. मते नवी असणे आणि जगणे नवे असणे यांत केवढे अंतर आहे, हे या एका तपशिलाने सांगितले जाते.

टॉलस्टॉयला ही कथा रुचली नाही. जानेवारी १९०० मध्ये ती वाचून त्याने दैनंदिनीत लिहिले की बरे आणि वाईट यांना वेगळे करणारी स्पष्ट दृष्टी नसलेल्या माणसांचे हे चित्र आहे, आणि याचे मूळ नीत्शेच्या विचारात आहे. हा आक्षेप हलका नाही. दोन घरे या प्रेमाखाली भरडली जात आहेत. वैद्यांना दाखवावयाचे आहे असे सांगून आन्ना घराबाहेर पडते. पती तिच्यावर विश्वास ठेवतो आणि ठेवीतही नाही. बारा वर्षांच्या मुलीला आपला पिता शाळेच्या दारातून कोठे जातो हे ठाऊक नाही. चेखव यांतले काही लपवीत नाही आणि प्रेमिकांना निर्दोषही ठरवीत नाही. मात्र तो असे दाखवितो की बरे-वाईट ओळखण्याची जी दृष्टी टॉलस्टॉय मागतो, ती गूरोव्हला प्रथम लाभते ती या प्रेमातच. कलिंगड खात बसणारा मनुष्य शेवटच्या भेटीत आरशात आपले पिकलेले केस पाहतो, रडणाऱ्या स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि त्याला तिची करुणा येते. नियम पाळीत असताना तो निर्दय होता. नियम मोडल्यावर तो माणसात आला. समाजाच्या नीतीवर याहून कठोर अभिप्राय शोधून सापडणार नाही.

१९१७ च्या अखेरीस रशियातील पदव्या व श्रेणी रद्द झाल्या आणि दिवाणी घटस्फोटाचा कायदाही आला. मनाई केवळ कायद्याची आणि पायऱ्यांची असती, तर ही कथा त्याच वर्षी जुन्या दफ्तरात जमा झाली असती. तसे झाले नाही. १९६० साली, चेखवच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, इयोसिफ हेइफित्स या दिग्दर्शकाने तिच्यावर चित्रपट काढला. श्रेणीमाला आणि धर्मपीठाची कचेरी जाऊन तेव्हा चार दशके लोटली होती, तरी लोकांना गूरोव्ह आणि आन्ना परके वाटले नाहीत. चौदा पायऱ्यांची शिडी एका हुकमाने मोडता येते. समोरचा माणूस जिवाभावाचे काही सांगू लागताच मासळीचा विषय काढण्याची सवय मात्र हुकमाने जात नाही; ती ज्या ज्या समाजात आहे, तेथे ही कथा वाचली जाईल.